सही करा, सांभाळा

शहागडात सरकारी जमीन कोणाची, असे विचारले तर पाच उत्तरे मिळतात आणि पाचही खरी असतात. गोदावरीचे पात्र महसूल खात्याचे. पात्रातले पाणी जलसंपदा खात्याचे. नदीवरचा पूल आणि त्याला जोडणारा धुळे-सोलापूर रस्ता राष्ट्रीय महामार्गाचा. गायरान सातबाऱ्यावर महाराष्ट्र शासनाचे आणि राखायला ग्रामपंचायतीचे. पूल ओलांडला की तालुका बदलतो, जिल्हाही बदलतो. अंबड सुटते, गेवराई लागते, जालन्याचे अधिकार संपून बीडचे सुरू होतात.

एवढे धनी असलेल्या शिवारात काही बिघडले की मात्र एकही धनी सापडत नाही.

२०२३ च्या ऑगस्टअखेर शहागडच्या पैठण फाट्यावरचा मराठा आरक्षणाचा मोर्चा आणि जवळच्या अंतरवाली सराटीतले उपोषण यांमुळे हा परिसर साऱ्या राज्याच्या तोंडी आला. मंत्री आले, कॅमेरे आले, महामार्गावर गाड्यांच्या रांगा लागल्या. त्या प्रश्नावर पुष्कळ लिहिले गेले आणि लिहिले जाईल. मला या आठवड्यात त्याच लोकांच्या पायाखालच्या जमिनीबद्दल बोलायचे आहे. तिच्यासाठी कोणी कॅमेरा आणत नाही.

एका सरकारी खात्याकडून दुसऱ्या सरकारी खात्याकडे जमीन वर्ग करणे हा आपल्याकडे रोजचा व्यवहार आहे. महसूलकडून वनाकडे, जलसंपदाकडून जिल्हा परिषदेकडे, ग्रामपंचायतीच्या गायरानातून महावितरणकडे, सार्वजनिक बांधकामकडून महामार्ग प्राधिकरणाकडे. माझे म्हणणे एवढेच आहे की जमीन वर्ग होते, जबाबदारी होत नाही. आदेश निघाला त्या दिवशी देणारा हात झटकतो. प्रत्यक्ष ताबा मिळालेला नाही, असे सांगून घेणारा कानावर हात ठेवतो. मधल्या काळात ती जमीन ज्याच्या अंगात धमक असेल त्याची होते. आणि हा मधला काळ महिन्यांचा नसतो, पिढ्यांचा असतो.

* * *

आधी कायदा बघू. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०: सार्वजनिक रस्ते, नद्या, नाले, तळी आणि ज्या जमिनीवर कोणा व्यक्तीची मालकी नाही ती सगळी जमीन राज्य शासनाची. राज्याच्या दोन खात्यांत जमीन इकडून तिकडे गेली तरी मालक तोच राहतो. बदलते ती राखणदाराची नेमणूक. नेमणूक करायची तर ती पुरी करावी, अर्धी सोडू नये.

पुरी करण्याची रीतही कागदावर आहे. जमीन हवी असलेले खाते जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करते. तहसीलदार स्थळपाहणी करतात. तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, पंचनामा करतात. ग्रामपंचायतीचा ठराव लागतो, इतर खात्यांची ना हरकत लागते, भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी लागते. मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. त्यानंतर जागेवर जाऊन ताबा, ताबा पावती, फेरफार, सातबाऱ्यावर नोंद. गटाचा तुकडा पडला असेल तर कमी-जास्त पत्रक. ही साखळी चांगली आहे. तिच्यातली एकही कडी फालतू नाही.

पण सगळी गर्दी आदेशापाशी होते. आदेश निघाला की बातमी येते, सत्कार होतो, फलक लागतो. हद्दीचे दगड रोवणे, कमी-जास्त पत्रक करणे, फेरफार मंजूर करून घेणे आणि देखभालीचा पैसा मिळवणे ही कामे मागे राहतात, कारण त्यांचे उद्घाटन होत नाही. दगड रोवला म्हणून कोणाचा फोटो छापून येत नाही. पुढचा सगळा घोटाळा मात्र त्या न रोवलेल्या दगडातूनच उगवतो.

* * *

हा घोटाळा किती मोठा होऊ शकतो ते पुण्याने दाखवले. कोंढवा बुद्रुकची ११.८९ हेक्टर जमीन १८७९ साली राखीव वन म्हणून अधिसूचित झाली. राजपत्रात जंगल, पण कारभार महसूलच्या हाती. १९९८ च्या ऑगस्टमध्ये ती एका कुटुंबाला शेतीसाठी दिली गेली, पुढे एका गृहनिर्माण संस्थेकडे गेली, आणि जंगलाच्या जागेवर इमारतींचे आराखडे आले. १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप बेकायदा ठरवले आणि जमीन वन विभागाच्या ताब्यात द्यायला सांगितले. राजकारणी, नोकरशहा आणि बांधकाम व्यावसायिक यांच्या संगनमताने जंगलाची जमीन कशी जाते याचे हे उदाहरण असल्याचे न्यायालयाने म्हटले.

न्यायालय तिथेच थांबले नाही. राखीव वनाची जी जमीन महसूल खात्याच्या हाती राहून गेली आणि तिथून खासगी लोकांना वाटली गेली, तिचा शोध घ्यायला प्रत्येक राज्याने विशेष तपास पथक नेमावे, असा आदेश दिला. जमीन परत घ्या आणि वन विभागाला द्या. परत घेणे लोकहिताचे नसेल तिथे तिची किंमत वसूल करा आणि ती जंगल वाढवायला वापरा. मुदत एक वर्षाची.

या निकालाचा अर्थ नीट समजून घेऊ. १८७९ साली सुरू झालेला व्यवहार २०२५ पर्यंत पुरा झाला नव्हता. मधल्या १४६ वर्षांत इंग्रज गेले, मुंबई राज्य झाले, महाराष्ट्र झाला. जमीन मात्र दोन दप्तरांच्या मध्ये लोंबकळत राहिली आणि तिथूनच उचलली गेली. जंगल चोराने तोडले तर वनरक्षक त्याला पकडतो. दप्तरातली फट सरकारनेच उघडी ठेवली असेल तर पकडायचे कोणाला?

मुंबईच्या किनाऱ्यावर हेच झाले. सरकारी जमिनीवरचे कांदळवन राखीव वन करा आणि वन विभागाच्या ताब्यात द्या, ही दिशा मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये दिली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात पक्की केली. कांदळवन पडले होते सिडकोकडे, महसूलकडे, वेगवेगळ्या प्राधिकरणांकडे. त्यांच्याकडून ते काढून घेण्यासाठी पर्यावरणवाल्यांना निकालानंतरही वर्षानुवर्षे पत्रे लिहावी लागली. झाड उभे होते, निकाल हातात होता, फक्त ताबा पावती नव्हती. तेवढ्या काळात भराव टाकणारे डंपर थांबले नाहीत.

कांजूरमार्गला तर वाद केंद्र आणि राज्य यांच्यात लागला. १ ऑक्टोबर २०२० ला मुंबई उपनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मेट्रोच्या कारशेडसाठी १०२ एकर जमीन एमएमआरडीएकडे वर्ग केली. केंद्राच्या मीठ आयुक्तांनी ही जमीन आमची असे म्हटले. १६ डिसेंबर २०२० ला उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. ज्या देशात सरकारची जमीन सरकारच्या कोणत्या हाताची हे ठरवायला उच्च न्यायालय लागते, तिथे गावच्या माणसाने सातबारा घेऊन कोणाच्या दारात उभे राहावे?

* * *

सरकारला हे काम लवकर जमत नाही, असे कोणी म्हणत असेल तर त्याने २०१७ आठवावे.

राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ ला दिला. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू व्हायचा होता. अन् आश्चर्य वाटावे अशा वेगाने फायली हलल्या! महाराष्ट्रात काही शहरांमधून जाणारे राज्यमार्ग राज्यमार्ग राहिले नाहीत. ते तिथल्या पालिकांकडे गेले. जळगाव आणि यवतमाळ ही त्यांतली नावे. रस्त्याचा दर्जा उतरला की पाचशे मीटरची अट सुटत होती. जळगावात नागरिकांनी या हस्तांतराला विरोध केला. पालिकेला शहरातले आहेत ते रस्ते सांभाळता येत नाहीत, तर हे आणखी कशाला तिच्या गळ्यात, हा त्यांचा प्रश्न साधा आणि रास्त होता.

म्हणजे यंत्रणा चपळ आहे. हवे असेल तेव्हा काही आठवड्यांत किलोमीटरच्या किलोमीटर रस्ते एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात जातात. मग गावच्या स्मशानाच्या वाटेची नोंद व्हायला चाळीस वर्षे का लागतात? त्या वाटेवर कोणाचे दुकान नाही म्हणून. मी हे रागाने लिहितो आहे आणि मला त्याची लाज वाटत नाही.

* * *

आता परत मराठवाड्यात येऊ, कारण अर्धवट हस्तांतराची सगळ्यात जास्त किंमत याच मातीने मोजली आहे.

१९७२ चा दुष्काळ. पोटासाठी लाखो माणसे खडी फोडायला आणि माती उपसायला गेली. त्या घामातून पाझर तलाव उभे राहिले, रस्ते झाले, बांधबंदिस्ती झाली. शेतकऱ्यांनी तोंडी होकारावर जमिनी सोडल्या. तलाव झाला, पाणी साठले. पण कितीतरी ठिकाणी भूसंपादनाची फाईल तशीच राहिली. सातबाऱ्यावर शेतकऱ्याचे नाव, शेतात तलाव, मोबदला नाही, आणि तलाव एका खात्याने बांधून दुसऱ्याकडे सोपवलेला. बापाने जमीन दिली, मुलाने अर्ज केले, आता नातू तारखांना जातो. ज्या खात्याने तलाव खोदला ते म्हणते, तो आता जिल्हा परिषदेकडे आहे. जिल्हा परिषद म्हणते, मोबदल्याचे दायित्व आमच्याकडे आलेच नाही. दुष्काळात उपाशी पोटी माती उचललेल्या माणसाच्या घरी आपण पन्नास वर्षांनी हे उत्तर पाठवतो.

जायकवाडी घ्या. १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते पायाभरणी, २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. शंभरावर गावांना धरणाची झळ बसली. धरणाच्या नाथसागर जलाशयाने मराठवाड्याला पाणी दिले, हे ऋण आहेच. धरणाचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा. पैठणहून निघून अंबडच्या शिवारातून तो परभणीकडे जातो. एवढ्या लांबीची जमीन संपादित झाली, पाटबंधारे खात्याकडे गेली आणि १९९८ नंतर गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाच्या कारभारात आली.

कालव्याकाठचा रस्ता हा किती शेतकऱ्यांचा शेतात जायचा एकमेव रस्ता आहे, ते तिथे राहणाऱ्यालाच माहीत. पावसाळ्यात त्याचा चिखल झाला, उसाची गाडी रुतली, बाळंतीण अडकली, तर दाद कुठे मागायची? जलसंपदा सांगते की हा आमचा निरीक्षण पथ आहे, वाहतुकीचा रस्ता नव्हे. जिल्हा परिषद सांगते की तो आमच्या रस्त्यांच्या यादीत नाही. दोघेही खरे बोलतात, आणि उसाची गाडी रुतलेलीच राहते.

धरणाने उठवलेल्या गावांचेही असेच. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाच्या कायद्याने नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा द्यायच्या आहेत: पाणी, शाळा, रस्ते, गटारे, स्मशान आणि बाकीच्या. प्रकल्पाच्या यंत्रणेने त्या बांधायच्या आणि गाव जिल्हा परिषदेकडे सोपवायचे. जिल्हा परिषद म्हणते, सुविधा अपुऱ्या आहेत, घेणार नाही. प्रकल्प म्हणतो, आमचा निधी संपला. दोन्ही खाती पत्रव्यवहार करत राहतात आणि गाव दोन्हींच्या हिशेबात नसते. एकदा पाण्याने उठवलेला माणूस दुसऱ्यांदा कागदाने उठवला जातो.

आपल्याकडे चांगला नमुनाही आहे. सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा कायदा २००५ साली झाला. चारी पाणीवापर संस्थेच्या हाती देताना खाते आणि संस्था यांनी मिळून पाहणी करायची, दोष नोंदवायचे, दुरुस्ती करायची आणि मग हस्तांतर, अशी रीत त्याने घालून दिली. मोडकी चारी शेतकऱ्याच्या गळ्यात मारता येऊ नये, एवढा साधा विचार. अंमल कमी-जास्त झाला असेल, पण विचार बरोबर आहे. जो न्याय चारीला, तो गायरानाला का नको? रस्त्याला, तलावाला, नदीच्या काठाला का नको? घर भाड्याने देतानासुद्धा आपण भिंत, नळ, दिवा दाखवून मगच किल्ली हातात ठेवतो.

* * *

गायरानाकडे येतो, कारण सध्या सगळ्यांत जास्त हालचाल तिथे आहे.

२८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी वाचवायला सांगितले. राज्याने त्याच वर्षी १२ जुलैला शासन निर्णय काढला. पुढे संहितेत कलम २२-अ आले: गायरान दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, सार्वजनिक प्रकल्पाला दुसरी योग्य सरकारी जमीनच नसेल तर गोष्ट वेगळी. त्या अपवादाच्या दारातून आता सौर ऊर्जा आली आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ च्या दुसऱ्या टप्प्यात सरकारी जमीन वर्षाला नाममात्र एक रुपया भाड्याने तीस वर्षांपर्यंत देण्याची तरतूद आहे. खासगी जमीन असेल तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ. ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल पाच लाख.

शेतकऱ्याला दिवसा वीज मिळाली पाहिजे. रात्री पाणी द्यायला गेलेला माणूस साप चावून मरतो, हे आमच्या भागातले जुने दुःख आहे. त्यामुळे योजनेच्या हेतूला माझा पाठिंबा आहे, मनापासून. मला विचारायचे आहे ते जमिनीबद्दल. खासगी शिवारात जी जमीन हेक्टरी सव्वा लाखाची, ती गावाची असली की एका रुपयाची कशी? तीन वर्षांचे पंधरा लाख संपल्यावर उरलेली सत्तावीस वर्षे गावाला काय? त्या गायरानावर चरणारी जनावरे कुठे जाणार, हे आदेशाच्या कोणत्या परिच्छेदात लिहिले आहे?

आणि तिथे जनावरेच होती असेही नाही. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, तेव्हापासून पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याला द्या ही मागणी उभी आहे. मराठवाड्यात दलित, भटके, भूमिहीन कुटुंबांनी दगड वेचून गायरान पिकाखाली आणले. १४ एप्रिल १९९० पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करायचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१ ला निघाला. किती जणांची नावे सातबाऱ्यावर चढली, ते प्रत्येक गावातल्या त्या वस्तीत जाऊन विचारा. ज्यांची राहिली त्यांच्या लेखी १९९१ चा निर्णय अजून अमलात यायचा आहे. अशा गटावर नवा आदेश निघाला की जमीन रिकामी असल्याचे दाखवले जाते. पंचनाम्यात झाड दिसते, बांध दिसतो, विहीर दिसते; माणूस दिसत नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की सरकारी जमीन एका खात्याकडून दुसऱ्याकडे जाताना तिच्यावर आज कोण जगते आहे याची यादी आदेशाला जोडलीच पाहिजे. कोणाची जनावरे, कोणाची वाट, कोणाची भाकरी, हे लिहा. यादीतल्या माणसाचे ऐका. मग काय तो निर्णय घ्या.

* * *

आणि नदी. नदीशिवाय शहागडचे काही सांगता येत नाही.

गोदावरी इथे दोन जिल्ह्यांची हद्द आहे. वाळूचा लिलाव महसूलचा, पूररेषा जलसंपदाची, पूल महामार्गाचा, वाहन पकडले तर परिवहन आणि पोलीस. एप्रिल २०२३ मध्ये सरकारने वाळूचे लिलाव बंद करून सहाशे रुपये ब्रासने सरकारी डेपोतून वाळू द्यायचे ठरवले. दोन वर्षांत, एप्रिल २०२५ मध्ये, धोरण बदलून पुन्हा लिलाव आले. धोरणे येतात-जातात, हायवा आणि ट्रॅक्टर रात्री चालूच राहतात. एका काठावर पथक आले की वाहने दुसऱ्या काठाला लागतात, हे गोदाकाठी कोणाला नवे नाही. संहितेच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. दंडाचा कागद नदी ओलांडत नाही, वाळू ओलांडते.

या वाळूखाली पाणी असते. वाळू गेली की काठच्या विहिरी आटतात, पुलाच्या पायाजवळचा तळ खचतो, पात्रात पुरुषभर खोल खड्डे राहतात आणि उन्हाळ्यात पोहायला उतरलेली पोरे त्या खड्ड्यांत बुडतात. त्यानंतर चौकशी सुरू होते की खड्डा कोणाच्या हद्दीत होता. पोराच्या आईला हद्द विचारू नका. तो खड्डा सरकारच्या जमिनीत होता आणि सरकार एकच आहे.

ऑगस्ट २००६ आणि सप्टेंबर २०२५, दोन्ही वेळा जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदाकाठ धुऊन निघाला. पुराच्या दिवसांत सगळी खाती एका खोलीत बसतात, एक नियंत्रण कक्ष असतो, एक माणूस निर्णय घेतो. म्हणजे हे जमते. संकटात जमते ते उरलेल्या अकरा महिन्यांत का जमू नये?

* * *

आता मागण्या. मोघम नकोत, म्हणून नेमक्या लिहितो.

एक. मोजणी आणि हद्दीचे दगड आधी, आदेश नंतर. नकाशा न जोडलेला हस्तांतराचा आदेश कच्चा समजावा.

दोन. घेणाऱ्या खात्याची ताबा पावतीवर सही होईपर्यंत देणारे खाते जबाबदार. सही झाल्या क्षणापासून घेणारे जबाबदार. मधला एकही दिवस बेवारस नको. आदेशात जबाबदार अधिकाऱ्याचे पद लिहावे, म्हणजे माणूस बदलला तरी खुर्ची उत्तर देईल.

तीन. जमिनीबरोबर पैसा गेला पाहिजे. महामार्गालगतच्या कुठल्याही गावात नालीची साफसफाई आणि दिव्यांचे बिल कोणी भरायचे यावर वाद असतो. रस्ता, गटार, तलाव, झाडे, जे सोपवाल त्याच्या देखभालीचा खर्च कोणत्या लेखाशीर्षातून होणार ते त्याच आदेशात असावे. रिकाम्या तिजोरीच्या ग्रामपंचायतीकडे ओझे ढकलणे म्हणजे तिच्यावर अन्याय करणे.

चार. आदेशाचे वाचन ग्रामसभेत व्हावे, आणि ते आदेशापूर्वी. वापरणाऱ्यांची यादीही तिथेच वाचावी. चावडीवर लावलेल्या कागदाला प्रसिद्धी म्हणायची सवय सोडा.

पाच. ठरलेल्या मुदतीत काम सुरू झाले नाही तर जमीन सरकारजमा होईल, ही अट अशा आदेशांत लिहिलेली असतेच. ती पाळा. कोणत्या खात्याने किती जमीन घेऊन तशीच पाडून ठेवली आहे, त्याची तालुकावार यादी दरवर्षी जाहीर करा.

सहा. शहागडच्या पट्ट्यातल्या गोदावरीसाठी जालना आणि बीड मिळून एकच पथक नेमा, एकाच अधिकाऱ्याच्या हाताखाली, दोन्ही काठांवर सारख्या अधिकाराचे. नदीला जिल्हा नसतो. तिच्या रखवालदारालाही नसावा.

यातली एकही मागणी नवा कायदा मागत नाही. एक शासन निर्णय पुरतो आणि तो पाळायची इच्छा लागते. सुरुवात शहागडच्या शिवारातूनच करा: इथल्या प्रत्येक सरकारी गटाचा क्रमांक, क्षेत्र, आज ताबा कोणाचा आणि जबाबदार पद कोणते, एवढे चार रकाने असलेला तक्ता दोन्ही जिल्ह्यांच्या प्रशासनाने छापून गावात लावावा. एका गावाचा तक्ता करायला जड गेले तर किती गावे दप्तरांच्या मध्ये हरवली आहेत ते तुम्हालाच कळेल.

सरकारची जमीन म्हणजे आमची जमीन. आम्ही ती खात्यांना विकलेली नाही, सांभाळायला दिली आहे. सांभाळायची तयारी असेल त्याने सही करावी, आणि सही केलेल्याने उत्तर द्यावे. बाकीच्यांनी पेन खाली ठेवून जमीन गावाकडे परत करावी. गाव ती तुमच्यापेक्षा बरी राखेल.